जनावराचे कोटीपोट : आतील अस्तर आणि वैरणीतील बदल

(दूध उत्पादकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



वैरणीच्या पिकांवर बोलायला उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एकरी किती टन निघेल? दुसरा प्रश्न, कापण्या किती मिळतील? प्रश्न योग्यच आहेत. पण गव्हाणीत टाकलेली वैरण जनावराच्या अंगी लागते की नाही, हे शेतात ठरत नाही. ते जनावराच्या पोटात ठरते, आणि पोटातही मुख्यतः आतल्या अस्तरावर ठरते. आज त्या अस्तराविषयी बोलावयाचे आहे. विषय पशुवैद्यकाचा वाटेल, पण त्याची मेख वैरणीत आहे. त्यामुळे पिके शिकवणाऱ्याने तो मांडायला हरकत नसावी.

हे अस्तर आपल्यापैकी पुष्कळांनी हाताळलेले आहे. ज्यांच्या घरी बोकडाची वजडी होते त्यांनी ती साफ करतानाचे आठवावे. (माळकरी मंडळींनी क्षमा करावी.) गरम पाण्यात बुडवून सुरीने खरवडले की वरचा काळपट पापुद्रा निघून येतो. सर्वांत मोठा तुकडा खरखरीत टॉवेलासारखा असतो, त्यावर बारीक बारीक जिभा उभ्या असतात. दुसऱ्या तुकड्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरे असतात. तिसऱ्यात वहीच्या पानांसारखे पडदे एकावर एक रचलेले असतात. चौथा मात्र बुळबुळीत आणि मऊ घड्यांचा असतो. हे चार पोत म्हणजेच पोटाचे चार कप्पे : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या सर्वांत रचना हीच. प्रत्येक कप्प्याचे काम निराळे आहे, म्हणून अस्तरही निराळे आहे.

चौथ्या कप्प्याला खरे पोट म्हणतात, कारण ते आपल्या जठरासारखे काम करते. त्याच्या अस्तरात ग्रंथी आहेत. त्या हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रथिने फोडणारे पेप्सिन सोडतात. या आम्लाने जठरच का पचून जात नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की, हेच अस्तर स्वतःवर चिकट स्रावाचा थर धरून ठेवते आणि झिजलेल्या पेशींच्या जागी सतत नव्या पेशी आणते. दूध पिणाऱ्या वासरात येथेच दूध साकळणारे विकर तयार होते. रवंथ करणाऱ्या जनावरांत याच अस्तरातून जिवाणूंचे कवच फोडणारे एक विकरही पाझरते. ते कशासाठी, हे पुढे ध्यानात येईल.

पडदेपोटाची पाने पुढे जाणाऱ्या चोथ्यातील पाणी आणि क्षार शोषून घेतात. जाळीपोटाची घरे जड वस्तू अडकवतात. खिळा, कडब्याच्या पेंढीची तार, तुटलेली सुई येथे येऊन रुतते. जाळीपोटाच्या पुढे पातळ पडदा आणि त्याच्या पलीकडे हृदय असते, म्हणून गव्हाणीच्या आसपास तारेचा तुकडा पडू देऊ नये.

आता कोटीपोट. मोठ्या गाईचे कोटीपोट शंभर लिटरहून जास्त माल धरते आणि पोटाची डावी बाजू बहुतेक व्यापून टाकते. गंमत अशी की, एवढ्या मोठ्या पोटाच्या अस्तरात एकही पाचक ग्रंथी नाही. ते पाचक रस सोडत नाही. कडबा पचवतात ते कोटीपोटातील सूक्ष्मजीव. गाईला स्वतःला कडब्यातील तंतू पचवता येत नाहीत, तुम्हा-आम्हाला येत नाहीत तसेच. सूक्ष्मजीव तंतू आणि पिष्ट आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने हा टाकाऊ माल आहे. गाईच्या दृष्टीने तेच जेवण आहे. तिला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ६० ते ७० टक्के भाग या आम्लांतून मिळतो. दुधातील फॅट बऱ्याच अंशी ॲसेटिक आम्लातून बनते, तर दुधातील साखरेसाठी लागणारा ग्लुकोज यकृतात मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लातून बनतो. सूक्ष्मजीव स्वतःही पुढे वाहत जाऊन चौथ्या कप्प्यात पचतात आणि गाईला प्रथिने देतात. मघाशी सांगितलेले कवच फोडणारे विकर त्यासाठीच असते.

ही आम्ले रक्तात शिरतात कोठे? पूर्वी समजूत अशी होती की अन्नरसाचे शोषण म्हणजे आतड्याचे काम. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जोसेफ बारक्रॉफ्ट, मॅकॅनॅली आणि फिलिप्सन यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले आणि १९४४ साली ते प्रसिद्ध केले. कोटीपोटाकडून परत येणाऱ्या शिरेतले रक्त आणि शरीरातील इतर रक्त त्यांनी तपासले. कोटीपोटाकडून येणाऱ्या रक्तात ही आम्ले कितीतरी जास्त सापडली. म्हणजे कोटीपोटाचे अस्तरच ती शोषून घेत होते.

शोषण करणाऱ्या त्या बारीक जिभांना आपण अंकुर म्हणू. पिकाच्या मुळावर केशमुळे असतात, तसे हे समजावेत. सोटमूळ कितीही जाड असले तरी अन्नपाणी घेण्याचे मुख्य काम केशमुळेच करतात, कारण त्यांच्यामुळे जमिनीशी लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. अंकुरांचे तसेच आहे. प्रत्येक अंकुरात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. आम्ल आत घेताना हे अस्तर बदल्यात खाण्याच्या सोड्यासारखा अल्क कोटीपोटात सोडते. त्यामुळे आम्ल दोन प्रकारे कमी होते : एक भाग रक्तात जातो, एक भाग जागेवर मारला जातो. शिवाय अब्जावधी जिवाणूंना रक्तात शिरू न देण्याचे कामही याच अस्तराकडे आहे. आणखी एक गोष्ट कोरडवाहू भागातील शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. यकृतात तयार झालेला युरिया थोडाफार लाळेवाटे आणि या अस्तरातून परत कोटीपोटात येतो व सूक्ष्मजीव त्यापासून प्रथिने बनवतात. नुसत्या वाळल्या कडब्यावर उन्हाळा काढणारा बैल तग धरतो, त्याचे एक कारण हे आहे.

मात्र अंकुरांची लांबी कायम राहत नाही. वैरण-खुराकाप्रमाणे ते वाढतात आणि आखडतात. आजच्या सर्व बोलण्यात ही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

वासराकडे पाहू. नुकत्याच जन्मलेल्या वासराचे खरे पोट सर्वांत मोठे असते आणि कोटीपोट लहान, पातळ, जवळजवळ गुळगुळीत असते. वासरू आचळ चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी एक खोबण नळीसारखी मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात जाते. म्हणून नुसत्या दुधावर वासरू कितीही वाढवले तरी कोटीपोट वाढत नाही. मग कोटीपोट कशाने वाढते? सर्वसाधारण समजूत अशी की वैरणीच्या भाराने आणि घासण्याने. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉर्नर, फ्लॅट, लूस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते १९६० या दशकात याची परीक्षा केली. काही वासरांच्या कोटीपोटात त्यांनी प्लॅस्टिकचे स्पंज ठेवले. काहींच्या कोटीपोटात वर सांगितलेल्या आम्लांचे क्षार सोडले. स्पंजांनी अंकुर वाढले नाहीत. आम्लांच्या क्षारांनी वाढले. सर्वांत जास्त परिणाम ब्युटिरिक आम्लाचा, त्याखालोखाल प्रोपिऑनिक आम्लाचा दिसला. ही दोन आम्ले धान्य, भरडा यांसारखा खुराक आंबताना जास्त प्रमाणात तयार होतात. भरड वैरणीने पोटाचा आकार आणि स्नायू वाढतात, पण अंकुर फुटायला खुराक लागतो.

आपल्या गोठ्यात नेमके उलटे चालते. वासराला वरचे दूध, गाईने उष्टावलेला कडबा आणि थोडे हिरवे दिले जाते. महिना-दोन महिन्यांत पोट सुटते, बरगड्या दिसू लागतात, केस राठ होतात आणि घरचे कौतुकाने म्हणतात, पोट चांगले धरलेय! ढेरपोटे वासरू म्हणजे बिनअंकुराचे कोटीपोट, ही खूणगाठ बांधावी. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजावा, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचा खुराक किंवा चांगला भरडा मूठभर घेऊन तोंडाला लावावा आणि पुढे छोट्या घमेल्यात समोर ठेवावा. रोज ताजा ठेवावा. उरलेला मोठ्या जनावराला घालावा. पहिल्या आठवड्यातच स्वच्छ पाणी वेगळे ठेवावे. दूध पिते तर पाणी कशाला, असे पुष्कळजण विचारतात. दूध खोबणीतून पुढे निघून जाते, कोटीपोटाला मिळत नाही. सूक्ष्मजीवांना पाणी लागते आणि ते साध्या प्यायच्या पाण्यातूनच कोटीपोटात पोहोचते. सोबत थोडे मऊ वाळलेले गवत चालेल, पण कडब्याचा भारा नको. संकरित वासरू सलग ३ दिवस रोज सुमारे १ किलो खुराक खाऊ लागले की दूध तोडण्यास हरकत नाही. वयापेक्षा हे माप जास्त भरवशाचे आहे. हल्याला आणि गोऱ्ह्याला एवढा खुराक कोण घालणार, असे कुणी म्हणेल. तो हिशेब ज्याचा त्याने करावा. पण कालवडीला आणि रेडीला पहिल्या तीन महिन्यांत खुराकाची काटकसर करू नये. ती पुढे पहिल्या वेताचे वय लांबवते.

मोठ्या जनावरातही अंकुर असेच कमी-जास्त होतात. जर्मनीत डर्कसन, लीबिश आणि मायर यांनी १९८५ साली गाईंच्या कोटीपोटाच्या अस्तरातील बदलांवर आपले काम प्रसिद्ध केले. गाय आटवली आणि खुराक थांबवून नुसत्या भरड वैरणीवर ठेवली की अंकुर आखडतात. पहिल्या सात आठवड्यांत शोषणाची जागा निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. खुराक पुन्हा सुरू केल्यावर अंकुर पूर्ववत वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. सूक्ष्मजीव मात्र नव्या खाद्याशी आठवड्या-दोन आठवड्यांत जुळवून घेतात. या दोन कालावधींतील अंतर नीट समजून घ्यावे. आम्ल तयार करणारे तयार झालेले असतात आणि आम्ल उचलणारे अजून तयार नसतात.

आपल्याकडे गाभण गाय आटली की तिच्याकडे दुर्लक्ष होते. दूध नाही, मग पेंड कशाला? विते त्या दिवसापासून मात्र बाजरी शिजवून, गूळ घालून, वर पेंड आणि भरडा यांची रेलचेल होते. माया खरी आहे, वेळ चुकीची आहे. विण्यापूर्वी ३ आठवडे अर्धा किलो आंबोणाने सुरुवात करावी आणि वाढवत वाढवत विण्याच्या सुमारास २ किलोपर्यंत न्यावे. व्यायल्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो वाढवावा. दूध वाढते त्या मानाने गाईला लिटरमागे सुमारे ४०० ग्रॅम आणि म्हशीला ५०० ग्रॅम हे आंबोणाचे प्रचलित प्रमाण आहे. तिथपर्यंत पोहोचायला महिना लागला तरी चालेल. एका वेळी दीड-दोन किलोपेक्षा जास्त आंबोण घालू नये. जास्त लागत असेल तर दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे.

बैलाचे उदाहरण याहून टोकाचे आहे. वर्षभर कडबा, भुसकट आणि बांधावरचे गवत खाणारा बैल. त्याचे अंकुर आखूड, सूक्ष्मजीव तंतू पचवणारे. पोळा येतो, कुठे बेंदूर असतो. त्या दिवशी घरची पुरणपोळी, शेजारच्याची पुरणपोळी, ओवाळणाऱ्या प्रत्येकीच्या सुपातले धान्य. लग्नसराईत उरलेल्या भाताची आणि चपात्यांची पाटी गव्हाणीत ओतली जाते. मळणीच्या दिवसांत दावे सुटलेली म्हैस रात्रभर मक्याच्या राशीवर उभी असते. सगळ्यांत आत घडते ते एकच. एवढे पिष्ट आणि साखर एकदम आल्यावर वेगाने वाढणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. हे आम्ल नेहमीच्या आम्लांपेक्षा सुमारे १० पट तीव्र आहे आणि अस्तर ते सावकाश शोषते. एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारा कोटीपोटाचा सामू ५ च्या खाली जातो. कोटीपोटातील द्रव दाट झाल्यामुळे शरीरातले पाणी उलटे कोटीपोटात ओढले जाते. डोळे खोल जातात, डाव्या कुशीत हाताने दाबले तर पाण्यासारखे डुचमळते, जनावर झिंगल्यासारखे चालते आणि बसते. आम्लाने अस्तर भाजून निघते, त्याचे पापुद्रे सुटतात. त्यातून वाचलेल्या जनावरातही सुजलेल्या अस्तरातून जिवाणू रक्तात शिरतात आणि यकृतात गळवे करतात. खूर दुखावतात ते वेगळेच. सणाचा मान एका घासाने राखावा. बाकी कौतुक झूल आणि शिंगांच्या रंगावर करावे, बैलाची त्याला तक्रार नसते.

एका दिवसात जनावर जमिनीवर आणणारा हा प्रकार सर्वांना दिसतो. दुभत्या गोठ्यात रोज थोडे थोडे आम्ल जास्त राहण्याचा प्रकार दिसत नाही, पण नुकसान त्याचे जास्त होते असे माझे मत आहे. येथे वैरणीच्या कापणीचा संबंध येतो. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गाळते. त्या लाळेत सोड्याचे प्रमाण एवढे असते की गाय दिवसाला किलोभराहून जास्त सोडा स्वतःच्या तोंडातून कोटीपोटात पोहोचवते. ही लाळ चावताना आणि रवंथ करताना सुटते. रवंथ करायला पोटात लांब धागा लागतो. कडबा अख्खा टाकला तर निम्मा तुडवला जातो, म्हणून कुट्टी करावी हे आम्हीच तुम्हाला सांगत आलो, आणि ते बरोबरच आहे. पण हल्ली काही गोठ्यांत कुट्टी इतकी बारीक असते की तिला भुगा म्हणावे. २ ते ३ सेंटिमीटर लांबीची कुट्टी पुरे. भुग्याने रवंथ घटते, लाळ घटते आणि सोडा घटतो. मग बाजारातून सोडा आणून आंबोणात घालावा लागतो. जास्त दुधाच्या गाईला तो घालणे चूक नाही, पण घरचा किलोभर बंद करून विकतचा शंभर ग्रॅम आणण्यात शहाणपण नाही.

भुगा आणि जास्त आंबोण यांचा दुसरा परिणाम थेट अस्तरावर होतो. अंकुरावरच्या जुन्या पेशी भरड वैरणीच्या घासण्याने झडत असतात. घासायला काही नसेल तर त्या साचून शिंगासारख्या टणक होतात, अंकुर एकमेकांना चिकटतात आणि शोषण मंदावते. म्हणजे अंकुर वाढवायला खुराक लागतो आणि वाढलेले अंकुर स्वच्छ ठेवायला भरड वैरण लागते. लसूणघास, मका किंवा कोवळे कडवळ कितीही भरपूर असले तरी गोठ्यात वाळली वैरण ठेवावी असे सांगतो, त्याचे कारण हेच. पहिल्या पावसानंतर कोवळे हिरवे सुरू करताना, किंवा कडब्यावरून मूरघासावर नेताना, आठ-दहा दिवस जुन्या वैरणीत नवी मिसळत, दर दोन-तीन दिवसांनी वाटा वाढवत जावे.

हे छुपे आम्ल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी जनावरे निवांत बसलेली असताना गोठ्यात उभे राहावे. निम्म्याहून कमी जनावरे रवंथ करीत असतील तर काही बिघडले आहे. शेण पातळ, फेसाळ आणि त्यात न पचलेले दाणे दिसतात. एक दिवस गाय खुराकावर तुटून पडते, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते. कारण नसताना लंगडते. आणि डेअरीत फॅट उतरते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेले की कापतात. फॅट कमी आले की पुष्कळजण पेंड वाढवतात. कारण आम्लाचे असेल तर त्याने फॅट आणखी उतरते. अशा वेळी आधी आंबोण विभागून द्यावे, कुट्टी लांब करावी आणि चार-सहा दिवसांनी पावती पुन्हा पाहावी.

शेवटी, जनावराने राशीवर किंवा पोत्यावर ताव मारल्याचे कळले तर काय करावे, हे सांगतो. ते अजून ठणठणीत उभे आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. आम्ल तयार व्हायला काही तास लागतात आणि उपचाराला उपयोग आहे तो याच काळात. उरलेले धान्य लगेच दूर करावे, फक्त वाळली वैरण समोर ठेवावी, पोटफुगीचे म्हणून तेल किंवा ताक आपल्या मनाने पाजू नये. पशुवैद्यकांना लगेच बोलवावे आणि काय खाल्ले, अंदाजे किती खाल्ले, केव्हा खाल्ले हे सांगावे. अख्खे धान्य होते की भरडा, हेही सांगावे, कारण भरड्याचे आम्ल फार लवकर तयार होते.